चांगुणाबाईची ढाल

आमच्या कॉलेजात सिद्धोधन वाव्हळे नावाचे प्रयोगशाळा सहायक होते. होते म्हणजे गेल्या वर्षी निवृत्त झाले. माणूस आहे, पूर्णेला आहे, आणि बाजारात मला दिसले तर मीच रस्ता बदलते. का बदलते तेच सांगायला बसले आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्या संस्थेच्या लोकांना वाचायची सवय नसली तरी स्वतःचं नाव मात्र लांबूनही दिसतं.

मी राजेश्री. तिथंच मराठी शिकवते. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात गेली, आणि आपल्या हातून चूक होत नाही असा एक गर्व त्यातून अंगात मुरला. तो कसा उतरला ते पुढं येईलच.

वाव्हळे आमच्याकडे लागले तेव्हा कॉलेजात भूशास्त्राचा विभाग होता. त्या विभागाचे सर एकदा मुलांची सहल घेऊन तमिळनाडूत गेले आणि तिथल्या एका सिमेंटच्या खाणीतून दोन पोती पांढरा, मऊ दगड घेऊन आले. नैसर्गिक खडू. आपण फळ्यावर लिहितो तो नव्हे. समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षांपूर्वी साचलेला. खाणीत वरून मोजलं तर चौथ्या थराचं एक पोतं आणि सातव्या थराचं एक. पुढं विद्यार्थी मिळेनात म्हणून विभाग बंद झाला, सर मुलाकडे पुण्याला गेले, आणि जाताना वाव्हळ्यांना म्हणाले, वेळ मिळाला तर बघत जा, नाहीतर टाकून दे. टाकून द्यायचं काम वाव्हळ्यांना कधी जमलं नाही. त्यांनी पोती प्रयोगशाळेच्या जिन्याखाली ठेवली आणि बघायला सुरुवात केली. चौदा वर्षं बघत होते.

आता परभणी जिल्ह्यात समुद्र कुठला? वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. समुद्र पाहायचा तर रात्रभर प्रवास करावा लागतो, आणि वाव्हळ्यांनी तो तोवर एकदाही पाहिलेला नव्हता. पण त्या खडूत त्यांना एका समुद्री जिवाचे तुकडे सापडले. बार्नॅकल. आपल्याकडे त्याला नाव नाही, कारण त्याच्याशी आपला कधी संबंधच आला नाही. खेकड्याच्या लांबच्या नात्यातला जीव. लहानपणी पोहतो, मग एकदा जागा पसंत पडली की डोकं त्या जागेला चिकटवतो आणि जन्मभर हलत नाही. अंगाभोवती कवचाच्या चकत्या वाढवतो आणि त्यांच्या फटीतून पाय बाहेर काढून अन्न आत ओढतो.

"डोकं चिकटवून बसायचं आणि पायानं खायचं," मी म्हटलं, "वाव्हळे, हे तर आपल्या स्टाफरूमचं वर्णन झालं."

ते हसले नाहीत. एरवी हसरा माणूस, पण ह्या विषयाची चेष्टा खपवून घेत नसत. "मॅडम, ह्यो देठाचा हाय," ते म्हणाले, "ह्याची जात निराळी."

त्यांचं काम असं चालायचं. शनिवारी दुपारी वाटीभर खडू पाण्यात भिजत घालायचा. सोमवारी तो विरून पिठल्यासारखा झाला की बारीक चाळणीतून हलक्या हातानं धुवायचा. चाळणीवर जे उरेल ते वाळवायचं. मग आठवडाभर, प्रात्यक्षिकं नसतील तेव्हा, सूक्ष्मदर्शकाखाली ते पसरून ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कण बाजूला सारायचा. हजारभर कणांत एखादी चकती. तीही एकेकटी, कारण जीव मेला की त्याचं कवच सुटं होतं. लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग असतो, त्यातून एका माणसाची डावी-उजवी ओळखून जोडी लावायची, तसं ते काम. आणि इथं माणूस मेलेला, मांडव उठलेला.

माझा संबंध आला तो शब्दांमुळे. एक दिवस ते ग्रंथालयात माझ्या टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, मला इंग्रजीत विचार करायला जमत न्हाई, आधी मराठीत लिवून काढतो, मग डिक्शनरी घिऊन इंग्रजी करतो. पण ह्या चकत्यांना मराठीत म्हणावं काय? आम्ही दोघांनी बसून नावं केली. मागच्या बाजूची पन्हळीसारखी चकती, तिला कणा. वरची चौकोनी, तिला पाठ. आणि समोरची, तोंडाशी मिटणारी, सगळ्यांत महत्त्वाची, तिला ढाल. मला इतका आनंद झाला होता. तोवर इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे गरज म्हणून शब्द मागायला आलं नव्हतं. सगळे गुण मागायला यायचे.

त्यांची वही मी तपासायची. एक नोंद अजून पाठ आहे: "पाठ, उजवी. उंची रुंदीच्या जवळपास दीडपट. टोक किंचित आत वळलेलं. वाढीच्या रेषा बारीक, समान अंतरावर. टोकापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक बोथट कंगोरा." ह्यात मला काढायला काही नसायचं. एकदा त्यांनी "सुंदर" लिहिलं होतं आणि माझ्याकडे आणण्याआधी स्वतःच खोडलं होतं. मी म्हटलं, राहू द्या की. ते म्हणाले, "सुंदर किती मिलिमीटर, मॅडम?"

ह्या सगळ्याच्या मागं एक गोष्ट होती, ती मला पुष्कळ उशिरा कळली. त्यांची आई चांगुणाबाई. वडील सिताराम रेल्वेत गँगमन होते, ते लवकर गेले. चांगुणाबाईंनी पूर्णेच्या रुळांसाठी खडी फोडून चार लेकरं वाढवली. आता वय पंच्याऐंशीच्या पुढं. नक्की कुणाला ठाऊक नाही, कारण आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी टाकलेली आहे. आणि नावाची तर सरकारनं पार वाट लावलेली. रेशनकार्डावर चंगुना. आधारवर चांगूनाबाइ. पेन्शनच्या कागदावर चांगुलबाई. मतदार यादीत चांगोजी, लिंग पुरुष. दर निवडणुकीला म्हातारी केंद्रावर जायची आणि दर वेळी तिला आपण बाई असल्याचं पटवून द्यावं लागायचं.

नव्या जिवाचं वर्णन जो पहिल्यांदा छापतो त्याला त्या जिवाचं नाव ठेवायचा मान असतो. त्या नावात माणसाचं नाव गुंफता येतं. एकदा छापलं की ते जगभर तेच राहतं. कुठल्या कारकुनाला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. वाव्हळ्यांच्या डोक्यात हे होतं. एवढंच होतं. बढती, सत्कार, पेपरात फोटो, ह्यातलं काहीच त्यांना नको होतं.

त्यांनी हे आईला सांगितलं तेव्हाचं बोलणं त्यांनीच मला ऐकवलं होतं.

"माय, तुज्या नावाचा एक जीव व्हणार हाय."

"कसला जीव रं?"

"समुद्रातला. सात कोटी सालं झाले त्याला मरून."

"आन् इतके दिस बिननावाचाच ऱ्हायला?"

"व्हय."

"मंग ठिव माझं," म्हातारी म्हणाली, "पण नीट लिव बाबा. चांगुणाबाई. णा बाणाचा."

दोन हजार बावीसच्या दिवाळीआधी वाव्हळ्यांनी सगळं कोलकात्याच्या एका तज्ज्ञांकडे पाठवलं. चित्रं, मापं, फोटो. एकेचाळीस कणे, सतरा पाठी, आणि ढाल फक्त एक, तीही अर्धी तुटलेली. तज्ज्ञांचं उत्तर चांगलं आलं. अशी उत्तरं मोठे लोक लहान माणसांना सहसा लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं की जात नवी दिसते, वर्णन काटेकोर आहे, पण अखंड ढाल असल्याशिवाय ती आधी माहीत असलेल्या जातीपासून वेगळी ठरवता येणार नाही. एक अखंड ढाल मिळवा, ती कोणत्या थरातली आहे ते नक्की लिहा, मी स्वतः छापायला देतो. थराचं महत्त्व त्यांनी अधोरेखित केलं होतं. चौथा थर आणि सातवा थर ह्यांत काही लाख वर्षांचं अंतर, आणि सातव्यात त्याच घराण्यातली दुसरी जात असते. ढाल सातव्यातली निघाली तर ती दुसऱ्याच कुणाची.

खाण तोवर संपली होती. तिच्यात पाणी भरून तळं झालं होतं. म्हणजे जगात त्या थराचं जे काही हाताला लागण्यासारखं उरलं होतं ते आमच्या जिन्याखाली, अर्ध्याहून जास्त भरलेल्या एका पोत्यात. वाव्हळे म्हणाले, "अजून धा-बारा किलो हाय, मॅडम. एक ढाल न्हाई व्हय निघणार?"

आता माझा पराक्रम.

जानेवारीत मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा असतो. त्या वर्षी कॉलेजची तपासणी समितीही यायची होती. प्राचार्यांनी परिपत्रक काढलं की कॉलेजातली प्रत्येक पाटी, प्रत्येक कपाट, प्रत्येक बाटली मराठीत झाली पाहिजे. ह्या कामाची प्रमुख, अर्थात, मी. आठ दिवस मी खोल्याखोल्यांतून फिरले. जिन्याखाली दोन्ही पोत्यांना पुठ्ठे बांधलेले होते. त्यांवर वाव्हळ्यांच्या सुबक अक्षरात इंग्रजीत होतं: चॉक, बेड फोर, डू नॉट मूव्ह. दुसऱ्यावर बेड सेव्हन.

"हे बदला," मी म्हटलं.

"मॅडम, ऱ्हाऊ द्या की. कुणाला दिसतंय जिन्याखाली?"

"समितीला दिसेल. आणि तुम्हीच असं म्हणायला लागलात तर इतरांना मी काय सांगू?"

त्यांनी नवे पुठ्ठे आणले. मी समोर उभी राहून सांगितलं. "खडू. थर ४." ते पुढं "हलवू नये" लिहायला लागले, तर मी थांबवलं. म्हटलं, समितीच्या सूचना आहेत, पाट्यांवर नकारार्थी वाक्यं नकोत, वातावरण प्रसन्न हवं. हे मी म्हटलं. माझ्या तोंडून निघालेले शब्द आहेत ते. वाव्हळ्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुठ्ठे बांधले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक क्रीडा स्पर्धा होत्या. वाव्हळे त्या आठवड्यात रजेवर होते. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं होतं. छापून आलं की मायला दिसलं पाहिजे, म्हणून ते त्यांनी मुद्दाम आधी उरकून घेतलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदान आखायला फक्की कमी पडली. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिनं कबड्डीच्या नि धावण्याच्या रेषा मारतात. दुकान बंद होतं. आमचे शिपाई दत्तराव मामा जिन्याखाली झाडू आणायला गेले आणि त्यांना दोन पोती दिसली. वर स्वच्छ मराठीत लिहिलेलं, खडू. त्यांनी दोन्ही पोती मैदानावर नेली, एकाच ढिगात ओतली, धुमसानं कुटून भुकटी केली आणि चुन्याच्या गाड्यात भरून दोनशे मीटरचा अख्खा ट्रॅक आखला. उरलेल्यातून कबड्डीचं मैदान केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाव्हळे रजेवरून आले. मी निवेदनाच्या टेबलावर होते, मुलींची शंभर मीटर चालू होती. ते फाटकातून आत आले, ट्रॅकच्या कडेनं चालत माझ्याकडे यायला लागले, बहुतेक आईची खुशाली सांगायला. मध्येच थांबले. खाली बसले. रेषेवर बोट टेकवून बोटाकडे बघितलं, मग जिभेला लावलं. मग ते रेषेच्या कडेनं रांगायला लागले. मुलं हसायला लागली. मी माइक टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे निघाले.

दत्तराव मामा धावत आले. त्यांना वाटलं चक्कर आली. "काय झालं सायेब? पानी आणू का?"

"मामा, हे कुठून आणलं?"

"जिन्याखालून की. लय झाक उठली बघा, फक्कीपेक्षा पांढरी." मामा खूश होते. मग वाव्हळ्यांचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली गेला. "त्याच्यावर खडू लिवलेलं व्हतं सायेब. पहिले इंग्रजी व्हतं तवर मी कधी हात लावला का? म्हनलं काय आसंल काय न्हाई, औषिध-बिवशिध आसंल. आता खडू म्हनल्यावर..."

वाव्हळ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. चार शब्द बोलले असते, आवाज चढवला असता, तर मला निदान मान खाली घालून उभं राहता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "स्पर्धा थांबवता येतील का, मॅडम?" नाही आल्या. रिले बाकी होती, पाहुणे यायचे होते. चार-पाचशे मुलांच्या बुटांखाली ती रेषा आणखी दीड दिवस तुडवली गेली.

मग आम्ही तिघांनी मैदान झाडलं. वाव्हळे, दत्तराव मामा आणि मी. तीन दिवस, सकाळी सात ते दहा. मी साडीचा पदर खोचून उकिडवी बसलेली, हातात रंगकामाचा ब्रश. मामा झाडता झाडता डोळे पुसायचे आणि म्हणायचे, मला ठावं नव्हतं वो सायेब. वाव्हळे म्हणायचे, "तुमचा काय कसूर, मामा. बरोबर वाचलं तुमी." ते दुसरं वाक्य मामांसाठी होतं, लागलं मला.

अकरा पिशव्या भरल्या. माती, खडू, जुनी फक्की, गवत, शेंगदाण्याची टरफलं, एक कानातलं. पुढचे आठ महिने वाव्हळे ते धुवत राहिले. आधी त्यांच्या कामाला एक लय होती, शनिवार भिजवायचा, सोमवार धुवायचा. आता ते रोज धुवायचे. बोलणं कमी झालं. काळ्या मातीनं चाळणी तुंबायची, ती ते ब्रशनं साफ करायचे आणि पुन्हा धुवायचे. सापडायच्या त्या चकत्यांच्या ठिकऱ्या. मी रोज एकदा दारातून डोकावायचे आणि काही न विचारता परत यायचे.

ऑक्टोबरात एक दिवस मी वर्गात शिकवत होते, तर ते दारात येऊन उभे राहिले. वर्गाच्या दारात ते कधी यायचे नाहीत. हातात काचेचं झाकण असलेली छोटी डबी. "मॅडम," ते म्हणाले, "ढाल घावली."

मी वर्ग सोडून बाहेर आले. प्रयोगशाळेत त्यांनी ती मला दाखवली. हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढी. डावी, अखंड, तिन्ही कोपरे शाबूत. धुमस आणि पाचशे मुलांचे पाय तिच्यावरून गेले होते आणि तिला साधा चरा नव्हता. मी रडायला लागले. म्हटलं, "झालं वाव्हळे, झालं! आजच्या आज लिहा कोलकात्याला."

ते सूक्ष्मदर्शकाशी बसून होते. म्हणाले, "कंच्या थरातली लिवू?"

"चौथ्या. दुसरी कुठली असणार?"

"सातव्याचं पोतं बी त्यातच व्हतं की. मामानं एका ढिगात वतले दोन्ही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं चौथ्याच्या पाठीला ही जुळती. कंगोरा तसाच हाय." त्यांनी पुन्हा भिंगातून बघितलं. "पण वाटतं ते न्हाई लिवता येत, मॅडम. सातव्यातली ढाल मी अजून पाह्यलीच न्हाई. ती बी अशीच आसंल तर?"

मी मग जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, कोण बघायला येणार आहे? तुम्ही, मी आणि मामा, तिघांनाच माहीत. लिहा चौथा थर. चौदा वर्षं घातलीत तुम्ही. आई किती दिवस आहे? तिच्यासाठी तरी लिहा.

वाव्हळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. "तिच्यासाठीच तर न्हाई लिवता येत," ते म्हणाले. "जल्मभर तिचं नाव चुकीच्या कागदावर ऱ्हायलं. आता मी बी एक चुकीचा कागद करू व्हय?"

त्यांनी कोलकात्याला खरं ते कळवलं. पोती, पाट्या, मैदान, सगळं. माझं नाव मात्र त्यात नव्हतं. "गैरसमजामुळे" असा एकच शब्द होता. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तज्ज्ञांनी हळहळ व्यक्त केली होती. ढाल अप्रतिम आहे, पण थर अज्ञात असलेल्या नमुन्यावर नवी जात उभी करता येत नाही. चौथ्या थरातली दुसरी ढाल मिळाल्यास अवश्य कळवावं.

त्या दिवशी वाव्हळ्यांनी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. निवृत्तीला पाच महिने होते. ते फडकं त्यांनी पुन्हा काढलं नाही. प्रात्यक्षिकांची भांडी धुवायचे, सही करायचे, पाचच्या गाडीनं पूर्णेला जायचे. कुणी काही विचारलं तर "बरंय" म्हणायचे. मी असा विझलेला माणूस दुसरा पाहिलेला नाही, आणि विझवणाऱ्याच्या बाजूला उभं राहून तर नाहीच.

त्यांच्या निरोप समारंभानंतर महिन्यानं त्यांच्या बायकोचा, रेणुकाताईंचा, मला फोन आला. "मॅडम, सासूबाईचं काई खरं न्हाई. एकसारखं इचारायल्यात, छापलं का म्हणून. हे तर गप बसून ऱ्हातात. तुमी या एकदा." मी घाबरत घाबरत पूर्णेला गेले. जाताना त्यांची वही घेतली. ती शेवटच्या तपासणीसाठी माझ्याकडेच राहिली होती.

चांगुणाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे लख्ख. मी "जय भीम, आजी" म्हटलं. त्यांनी मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला. त्या तळव्याला खडी फोडतानाचे घट्टे अजून होते.

"तुमी त्या शब्दावाल्या बाई नव्हं?" त्या म्हणाल्या. "सिद्धा सांगायचा. छापलं का वो माझं?"

मी वाव्हळ्यांकडे बघितलं. ते दारात उभे होते. ज्या माणसानं एका आकड्यासाठी चौदा वर्षं सोडून दिली, खोटं लिहिलं नाही, तो माणूस आत आला आणि आईच्या पायाशी बसून म्हणाला, "छापलं, माय."

"दाव मंग."

त्यांनी माझ्या पिशवीकडे हात केला. मी वही काढून दिली. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान उघडून आईच्या मांडीवर ठेवलं. ढालीची नोंद होती. माझी तपासल्याची खूण खाली होती.

म्हातारीनं वही डोळ्यांजवळ नेली. "किती साफ दिसायलंय," त्या म्हणाल्या. "एकएक अक्षर दिसायलंय. नांदेडच्या डागतरचं भलं व्हवो. पण वाचता कुठं येतं मला. कंचं हाय माझं?"

त्या पानावर तिचं नाव कुठंच नव्हतं. तेवढ्यात तिनं स्वतःच बोट फिरवायला सुरुवात केली. एकेका ओळीवरून, सावकाश. अगदी शेवटच्या ओळीपाशी ते थांबलं. तिथं दोन शब्द इतरांपेक्षा जरा मोठे, दाबून लिहिलेले होते. थर अज्ञात.

"हे का?"

"व्हय, माय," वाव्हळे म्हणाले. "तेच."

तिनं ते दोन शब्द बोटानं दोनदा चाचपले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. नीट लिवलंय नव्हं? काना-मात्रा बरोबर हाय ना?"

मी म्हटलं, "हो आजी. काही चूक नाही."